कामगारांची नुकसानभरपाई : एका मागणीचा इतिहास

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात गिरणीतल्या अपघातांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर सोपे आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईचा पहिला भारतीय कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. म्हणजे तो आपल्या वाचनालयाचा जवळजवळ समवयस्क आहे. दुसरे उत्तर इंदूरकरांना सांगावयास नकोच. या शहराची गेल्या शतकातील भरभराट गिरण्यांच्या भोंग्यावर चालली. मालवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार ही नावे आज चौकांची आणि बसथांब्यांची नावे म्हणून उरली असली, तरी आपल्या जुन्या वर्गणीदारांपैकी किती घरांची चूल या गिरण्यांवर, निदान त्यांच्याशी संबंधित दुकानदारीवर वा कारकुनीवर पेटत होती, याचा हिशेब मांडला तर आपण सारेच थक्क होऊ.

तथापि या कायद्याची कथा इंदुरात सुरू होत नाही, दिल्लीतही नाही. ती सुरू होते मुंबईत, परळच्या सुपारीबागेत. सप्टेंबर १८८४ मध्ये तेथे गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्या बोलावणारे गृहस्थ होते नारायण मेघाजी लोखंडे : जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि गिरणीत स्वतः नोकरी केलेले. मुंबई सरकारने त्या वर्षी कारखान्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीपुढे कामगारांचे म्हणणे जावे, हा सभांचा हेतू. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारची सुटी हवी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. या चार मागण्या आपल्याला शाळेच्या पुस्तकांतून थोड्याफार ठाऊक असतात. पाचवी मात्र सहसा कोणी सांगत नाही. कामावर गंभीर इजा होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर तो बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी, अशी ती होती.

येथे ‘उपजीविका’ या कल्पनेकडे वाचकांनी लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. लोखंडे यांनी तुटलेल्या हाताची किंमत मागितली नव्हती. हात गेल्यावर माणूस खाणार काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढील सगळा इतिहास या दोहोंमधील अंतराचा आहे, असे मला वाटते.

ही मागणी त्या काळच्या मानाने किती पुढची होती, हे समजण्यासाठी क्षणभर युरोपाकडे पाहावयास हवे. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा खटला गाजला. मालकाची गाडी प्रमाणाबाहेर लादलेली होती. ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देववले, परंतु वरच्या न्यायालयाने ते नाकारले. आज याला दिले तर उद्या स्वयंपाकी, गाडीवान, सारेच मालकावर दावे लावतील, अशी धास्ती त्या निकालात स्पष्ट दिसते. त्यातून पुढे जो सिद्धान्त उभा राहिला तो असा की, एका नोकराच्या हयगयीने दुसऱ्यास इजा झाली तर मालक जबाबदार नाही. त्याला आणखी दोन जोडीदार मिळाले : धोका ठाऊक असून काम पत्करले, म्हणजे धोकाही पत्करला, आणि स्वतःची थोडीशी चूक असली तरी दावा बुडाला. कारखान्यातला कोणताही अपघात या तीनपैकी एका चाळणीत अडकल्याशिवाय राहत नसे. इंग्लंडने खऱ्या अर्थाने भरपाईचा कायदा केला तो १८९७ साली. जर्मनीत बिस्मार्कचा अपघात-विम्याचा कायदा जुलै १८८४ मधला. म्हणजे परळच्या सभांच्या अवघे दोन-अडीच महिने आधीचा. त्याची वार्ता सुपारीबागेत पोचली होती असे मानण्यास काही आधार नाही. लोखंडे यांनी मागणी केली ती समोर पाहिलेल्या माणसांवरून.

त्या वेळी हिंदुस्थानात काय होते? १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा होता. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी होती, यंत्रांना कुंपण घालण्याविषयी कलम होते, अपघाताची वर्दी देण्याविषयीही होते. वर्दी सरकारला जाई. ज्याचा हात पट्ट्यात सापडला त्याला काय द्यावे, याविषयी कायदा मुका होता. मृत्यूच्या बाबतीत १८५५ चा एक कायदा वारसांना दावा करू देई. पण दिवाणी न्यायालयाचा खर्च, वकील, आणि मालकाचीच चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी गिरणी कामगाराच्या विधवेने कशी उचलावी?

रविवारची सुटी १८९० साली मिळाली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. त्यांची पाचवी मागणी कायद्यात उतरावयास १८८४ पासून एकोणचाळीस वर्षे लागली. तीही पुष्कळशी बदललेल्या रूपात.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि १९२० साली आपल्याकडे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. दोन्हीकडे नारायण मल्हार जोशी हे नाव आहे. भारत सेवक समाजाचे हे निगर्वी गृहस्थ १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेस कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, आणि १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीने नियुक्त सभासद होते. आपल्याकडे चरित्रे लिहिली जातात ती वक्त्यांची आणि सेनानींची. कलम, पोटकलम आणि परंतुक यांच्याशी पंचवीस वर्षे झुंजणाऱ्या माणसाचे चरित्र कोण वाचणार? तरीही आपल्या ग्रंथालयात ना. म. जोशी यांच्याविषयीची पुस्तके असावीत, असे मला आवर्जून वाटते.

१९२३ च्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली, तिचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. चूक कोणाची, हा प्रश्नच त्याने बहुतांशी बाजूला ठेवला. ‘कामातून उद्भवलेला आणि काम चालू असताना घडलेला’ अपघात एवढे दाखविले की मालकाची जबाबदारी आली. कामगार नशेत असला, त्याने सुरक्षेचा नियम हेतुतः मोडला वा संरक्षक साधन मुद्दाम काढले, असे काही अपवाद होते. मृत्यूच्या बाबतीत तेही पुढे सैल झाले. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कामगाराने केला तरी तो रद्दबातल ठरे. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर मूळ मालक हात झटकू शकत नसे. निवाड्यासाठी दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र आयुक्त होता. आणि मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हातात न देता आयुक्ताकडे जमा करावयाची होती. हे शेवटचे कलम वरवर कोरडे वाटते. पण ते लिहिणाऱ्याला पतीच्या तेराव्यालाच दारात उभे राहणारे सावकार आणि दीर-भावजयींचे व्यवहार चांगले ठाऊक असले पाहिजेत.

आता रकमेकडे वळू. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जे कमी ते. अज्ञान मुलाच्या मृत्यूबद्दल सरसकट २०० रुपये. अंशतः अपंगत्वासाठी कायद्याला एक परिशिष्ट जोडले होते आणि त्यात माणसाच्या शरीराची मोजदाद होती. उजवा हात कोपरापासून वा त्यावर गेला तर कमावण्याच्या शक्तीची हानी सत्तर टक्के. डावा हात तसाच गेला तर साठ. गुडघ्यापासून वा त्यावर पाय गेला तर साठ. दोन्ही कानांनी ऐकू येणे कायमचे बंद झाले तर पन्नास. एक डोळा तीस, अंगठा पंचवीस, तर्जनी दहा, इतर कोणतेही बोट पाच.

महिना तीस रुपये मिळविणारा साचेवाला घ्या. त्याचा अंगठा तुटला तर हिशेब असा : बेचाळीस महिन्यांचे १,२६० रुपये, त्यांचे पंचवीस टक्के म्हणजे ३१५ रुपये. तर्जनी गेली तर १२६. आणि तो प्राणासच मुकला तर घरच्यांना ९०० रुपये. जिवापेक्षा संपूर्ण अपंगत्वाची रक्कम मोठी का, असे कोणी विचारील; पंगू माणूसही जेवतो, हे त्याचे उत्तर आहे, आणि एवढ्यापुरते का होईना, लोखंडे यांच्या प्रश्नाचे प्रतिबिंब त्या परिशिष्टात पडले आहे. पण रक्कम एकदाच हाती येई. ३१५ रुपयांत जुने कर्ज फिटे, एखादे लग्न होई आणि पुढच्या वर्षी अंगठा नसलेला साचेवाला गिरणीच्या दाराशी बदली कामासाठी उभा राही.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचनालयाच्या जुन्या सभासदांशी संबंधित आहे, म्हणून सांगतो. कारकुनी करणाऱ्यांना या कायद्याने वगळले होते. गिरणीच्या कचेरीत खतावणी लिहिणारा मनुष्य ‘कामगार’ नव्हे! पांढरपेशाला या वगळण्यात त्या काळी मान वाटला असेल. तो अपवाद २००९ च्या दुरुस्तीपर्यंत टिकला. त्याच दुरुस्तीने कायद्याच्या नावातही बदल झाला. शिवाय हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता, आणि होळकरी प्रजाजनाचे हक्क होळकर दरबारच्या नियमांवर अवलंबून होते. सगळ्या देशाला एकच छत्र मिळाले ते संस्थाने विलीन झाल्यानंतरच.

व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात सुधारणा सुचविल्या; जोशी त्या आयोगाचे सभासद होते. १९३३ साली काही सुधारणा झाल्या. पहिले दहा दिवस भरपाई न मिळण्याची अट सातांवर आली, पुढे ती तिनांवर आली. १९८४ साली वयाचा विचार आला : चाळीस वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या चाळीस टक्क्यांना १८४.१७ ने गुणावयाचे, म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर महिन्यांचे वेतन. तीस महिन्यांपासून चौऱ्याहत्तर महिन्यांपर्यंतचे हे अंतर साठ वर्षांत कापले गेले. मात्र हिशेबात धरावयाच्या वेतनाला कमाल मर्यादा कायम राहिली. २०२० साली ती पंधरा हजार रुपयांवर आली.

न्यायालयांनी मात्र काही वेळा कायद्याच्या अक्षरापलीकडचा माणूस पाहिला. ओडिशातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, परिशिष्टातील टक्क्यांप्रमाणे रक्कम द्या, असे मालकाचे म्हणणे. आयुक्ताने विचारले ते एवढेच की, एका हाताने सुतारकाम कसे होणार? त्याने हानी शंभर टक्के धरली, ९,८०० रुपये मंजूर केले आणि विलंबाबद्दल दंड व व्याजही लावले. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हा निवाडा उचलून धरला. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, आयुक्ताच्या निकालाच्या दिवशी नव्हे, हेही त्याच वेळी ठरले. सुताराचा हात आणि मुनीमाचा हात परिशिष्टात एकाच मापाचे असले तरी जगण्यात नसतात.

‘काम चालू असताना’ या शब्दांनीही न्यायाधीशांना पुष्कळ छळले. सौराष्ट्रातील मिठागराचे कामगार खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले. त्या वेळी ते कामावर नव्हते, असे १९५८ साली ठरले. मुंबईत बेस्टचा एक चालक काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसमधून घरी जाताना अपघातात सापडून मरण पावला. तेथे १९६३ साली बहुमताने निकाल त्याच्या विधवेच्या बाजूने लागला. होडी सार्वजनिक, बस मालकाची, असा तो भेद. दोन्ही निकालपत्रे वाचून मला बुडालेल्यांविषयी अधिक वाईट वाटले, एवढेच नमूद करतो. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातांनाही अटींसह स्थान मिळाले आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला.

लोखंडे यांच्या मागणीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मात्र भरपाईच्या कायद्याने झाली नाही. ती विम्याने झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना प्रा. अडारकर यांनी आरोग्य विम्याची योजना तयार केली. तिचा अहवाल १९४४ चा. त्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिच्यात अपंग कामगाराला एकरकमी पैसे न देता तो जिवंत असेतो नियमित रक्कम मिळते, आणि तो गेला तर विधवेला. या रकमेचा दर पुढे वेतनाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत गेला. परळच्या निवेदनातील ‘उपजीविकेची तजवीज’ म्हणतात ती हीच. इंदूरच्या जुन्या गिरणी कामगारांच्या घरी विमा-दवाखान्याच्या रांगेबद्दल तक्रारी ऐकू येतात, त्या खऱ्याच आहेत. पण ज्याच्या घरी दरमहा ती रक्कम येत राहिली त्याला तिचे मोल विचारावे.

परंतु विम्याचे छत्र नोंदलेल्या कारखान्यांपुरते. आणि कायद्याचे डोळे अपघात पाहण्यास सरावलेले. पट्ट्यात सापडलेला हात सर्वांना दिसतो. छातीत साचणारी धूळ दिसत नाही. १९२३ च्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून अँथ्रॅक्स आणि शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा एवढेच होते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस व दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस यांना त्यात जागा मिळाली ती पुढे. बिसिनोसिसची एक खूण विलक्षण आहे. सुटीनंतर कामावर परतलेल्या कामगाराची छाती पहिल्या दिवशी, बहुधा सोमवारी, आवळल्यासारखी होते. लोखंडे यांनी मिळवून दिलेल्या रविवारनंतरचा हा सोमवार!

सिलिकोसिसची कथा आपल्या माळव्याची आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी दगडी पाटीवर ज्या पेन्सिलीने श्री गिरविला, तिचा दगड मंदसौरच्या खाणींतून येई. यांत्रिक करवतीने तो कापताना उडणारी बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांत बसे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने मंदसौरच्या ५९३ कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार निम्म्याहून अधिक जणांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत सिलिकोसिस आढळला. मध्यप्रदेश शासनाने १९८२ साली स्लेट-पेन्सिल कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण निधीचा कायदा केला होता. अक्षरओळखीची एवढी किंमत कोणीतरी मोजीत होते, हे आमच्या पिढीला शाळेत कोणी सांगितले नाही.

नंतर आली ती झाबुआ, अलीराजपूर आणि धार येथील आदिवासींची गोष्ट. गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटीचा दगड दळण्याचे कारखाने होते. तेथे मजुरीला गेलेली तरुण माणसे काही महिन्यांत खोकत परत आली आणि एकामागून एक दगावली. हजेरीपत्रक नाही, नेमणुकीचा कागद नाही, विमा-पत्र नाही. मग ‘कामातून उद्भवलेला’ रोग सिद्ध करावा कशाने? भरपाईचा नेहमीचा रस्ता बंद असल्याने प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोग व सर्वोच्च न्यायालय यांच्याकडे गेले. आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात शासनाने द्यावेत अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मे महिन्यात तसा आदेश दिला. मधली सहा वर्षे घरच्यांनी कशी काढली असतील, ते त्यांनाच ठाऊक.

कागदाचे हे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच ओळखले होते. ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात १९९५ च्या जानेवारीत त्याने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. धुळीचा रोग वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतो. तोपर्यंत कारखाना बंद पडलेला असतो आणि दप्तर रद्दीत गेलेले असते. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचा निकाल लागून पैसे वाटले गेले ते २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षे ज्यांनी हजेरीची कार्डे आणि पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जपल्या, त्यांच्यापैकी कित्येक आपल्या वाचनालयापासून दोन मैलांच्या आत राहतात.

म्हणून संचालक मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या संदर्भ विभागात एक कपाट या कागदांसाठी राखून ठेवावे. गिरण्यांची हजेरीकार्डे, विमा-पुस्तिका, अपघाताच्या वर्दीच्या प्रती, आयुक्तांचे निवाडे, संघटनांची हस्तपत्रके, जे कोणी देईल ते घ्यावे, देणाऱ्याचे नाव व तारीख लिहून नोंदवहीत चढवावे आणि मूळ कागद कोणाला हवा असल्यास प्रत काढून परत करावा. कामगारवस्तीतील घरे आता पाडून नवी उभी राहत आहेत; माळ्यावरच्या पेट्या त्याच वेळी खाली येतात. या कामासाठी आठवड्यातील दोन संध्याकाळी द्यावयास मी तयार आहे.